सोऱ्याचा गारवा आणि हेसची बेरीज

मीठ, आम्ल किंवा खत पाण्यात विरघळताना तापमान किती बदलेल हे कागदावर मांडता येऊ लागलं, त्याला जेमतेम दोनशे वर्षं झाली. गारव्याचा उपयोग मात्र कितीतरी जुना. अकबराच्या आबदारखान्याची, म्हणजे पिण्याचं पाणी सांभाळणाऱ्या खात्याची रीत अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त लिहून ठेवली आहे : शेरभर पाणी सुरईत भरून तोंड बंद करायचं, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) टाकायचा आणि त्यात सुरई पाव तास फिरवायची. बंदुकीच्या दारूत भडका उडवणारा सोराच इथे पाणी गार करतो, हेही त्याने आवर्जून नोंदवलं.

पण 'गार' म्हणजे किती? फॅरनहाइटने 1724 मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणावर आपल्या मापनाचं शून्य ठरवलं. 1760च्या सुमारास जोसेफ ब्लॅकने उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं दाखवलं. ही फोड झाली नसती तर पुढचं काहीच शक्य नव्हतं.

खरं वळण सेंट पीटर्सबर्गला आलं. तिथे रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेसने सल्फ्युरिक आम्लात कमी-जास्त पाणी मिसळून उष्णता मोजली, मग तेच आम्ल अमोनियाने उदासीन केलं. पहिल्या पायरीत जास्त उष्णता निघाली, तर दुसरीत तेवढीच कमी. बेरीज कायम. हाच 1840चा हेसचा नियम.

पुढे ज्युलियस थॉमसन आणि बर्थेलो या रसायनशास्त्रज्ञांनी अशी हजारो मापनं केली. पण उष्णता बाहेर पडते तोच बदल आपोआप घडतो, असा त्यांचा ग्रह होता. उष्णता शोषत आपणहून विरघळणारा सोरा त्या मताच्या थेट विरोधात उभा होता. 1882 मध्ये हेल्महोल्ट्झने मुक्त ऊर्जेची, म्हणजे उष्णतेबरोबरच कणांच्या विस्कळीतपणाचाही हिशेब धरणारी कल्पना मांडली, तेव्हा ही गाठ सुटली.

आता सोऱ्याचाच हिशेब करू. एक मोल, म्हणजे 101 ग्रॅम सोरा विरघळताना सुमारे 35 किलोज्यूल उष्णता शोषतो. 100 ग्रॅम पाण्यात 20 ग्रॅम टाकला तर 6.9 किलोज्यूल. वस्तुमान घ्यायचं ते द्रावणाचं, 120 ग्रॅम. निव्वळ पाण्याचं नव्हे. मुलं हमखास इथेच चुकतात. विशिष्ट उष्णता, म्हणजे एक ग्रॅमचं तापमान एका अंशाने बदलायला लागणारी उष्णता, पाण्याइतकीच, 4.18 ज्यूल धरली, तर तापमान सुमारे 14 अंशांनी उतरतं. अकबराचं प्रमाण याच्या अडीच पट होतं, तेवढा सोरा काही सगळा विरघळत नाही. शिवाय सुरईतल्या पाण्याची उष्णता द्रावणात येत राहते, म्हणून द्रावण हिशेबाइतकं उतरत नाही आणि सुरईतलं पाणी मात्र गार होतं.