हे २१ दिवस आले कुठून? वेळापत्रकाची आकृती समजून घेण्यासाठी

काम आमच्याकडे सोपवल्यावर सुरुवातीलाच आपल्या हाती एक मोठा कागद येतो. त्यावर बरेच चौकोन, त्यांना जोडणारे बाण आणि मधून जाणारी एक लाल रेघ असते. ही नेटवर्क आकृती. पुष्कळ ग्राहक ती बाजूला ठेवून थेट विचारतात, "काम संपणार कधी, तेवढं सांगा." ती तारीख याच कागदावरून निघते, आणि ती पाळणं काही अंशी आपल्याही हातात असतं. म्हणून हे माहितीपत्रक.

लहान कार्यालयाच्या नूतनीकरणाचं उदाहरण घेऊ. जुनी पार्टिशनं काढायला ३ दिवस, मग वायरिंग ५ दिवस, मग प्लास्टरची दुरुस्ती आणि ते वाळणं मिळून ४ दिवस, मग रंगकाम ६ दिवस. दुसरीकडे, फर्निचरचं ड्रॉइंग आपण मंजूर करायचं, त्याला २ दिवस, आणि ते कारखान्यात तयार व्हायला १२ दिवस. शेवटी फर्निचर बसवायचं, ३ दिवस. प्रत्येक कामाला एक चौकोन. बाण एवढंच सांगतो की मागचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू करता येत नाही.

आता डावीकडून बेरीज करत जा. पार्टिशनपासून रंगकामापर्यंतची वाट १८व्या दिवशी संपते, फर्निचरची १४व्या दिवशी. जिथे दोन बाण एकत्र येतात तिथे मोठा आकडा धरायचा, कारण फर्निचर तयार असलं तरी ओल्या रंगाच्या भिंतीला ते लावता येत नाही. १८ अधिक ३, म्हणजे २१ दिवस. ही सगळ्यांत लांब वाट म्हणजे क्रिटिकल पाथ, आपल्या कागदावरची लाल रेघ. तिच्यावरचं कुठलंही काम एक दिवस लांबलं की शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते.

मग शेवटाकडून वजाबाकी करत मागे यायचं. फर्निचर १८व्या दिवसापर्यंत आलं तरी चालतं, ते तयार होतं १४व्या दिवशी. हे मधले ४ दिवस म्हणजे फ्लोट, साध्या भाषेत सवड.

इथे एक कळकळीची विनंती. ही सवड त्या अख्ख्या वाटेची मिळून ४ दिवसांची आहे, प्रत्येक कामाला वेगळे ४ दिवस नाहीत. ड्रॉइंगवर सही करायला आपण ते ४ दिवस वापरले, तर सुताराकडे एकही दिवस उरत नाही. सही ६ दिवस उशिरा झाली तर फर्निचर २०व्या दिवशी येतं आणि काम २३व्या दिवशी संपतं. रंगारी वेळेत, वायरमन वेळेत, तरीही तारीख चुकते. म्हणूनच लॅमिनेटचा रंग निवडणं, ड्रॉइंग मंजूर करणं यांनाही आम्ही आकृतीत चौकोन देतो. ती आपल्याकडची कामं आहेत, आणि आमच्या कुठल्याही कामाइतकीच मोलाची.

"माणसं वाढवा, पण लवकर संपवा," असंही आम्हाला सांगितलं जातं. वाढवता येतात, पण लाल रेघेवर. सुतार वाढवून फर्निचर लवकर आणलं तर ते नुसतं पडून राहील. रंगारी वाढवून ६चे ४ दिवस केले तर काम १९ दिवसांत होईल. त्याशिवाय वायरमनही वाढवून ५चे ३ केले तर १७ दिवसांत. तिथे दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या होतात. त्यापुढे एकाच वाटेवर केलेला जास्तीचा खर्च वाया जातो, आणि सवड तर कुठेच उरलेली नसते. प्लास्टर वाळण्याचे दिवस मात्र माणसं वाढवून कमी होत नाहीत. ओल्या भिंतीवर रंग मारायला आम्ही तयार होणार नाही.

ही पद्धत आमची नव्हे. १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रासायनिक कारखान्यांसाठी क्रिटिकल पाथ पद्धत आकाराला आली. १९५८मध्ये तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही तशीच वेळापत्रक आखण्याची पद्धत वापरात आणली. पर्टचा एक भाग आम्ही नेहमी वापरतो. ज्या कामाचे दिवस खात्रीने सांगता येत नाहीत, त्यासाठी तीन अंदाज घ्यायचे. सगळं जुळून आलं तर ४ दिवस, एरवी ६, सगळंच फिसकटलं तर १४. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरजेला ६ने भागायचं: ४ अधिक २४ अधिक १४, म्हणजे ४२, भागिले ६, उत्तर ७ दिवस. आपण ऐकलेल्या ६ऐवजी कागदावर ७ दिसले तर ते इथून आलेले असतात.

काम सुरू झाल्यावर दर आठवड्याला आम्ही आकृतीत झालेली कामं भरून नवी प्रत पाठवतो. ती आली की आधी लाल रेघ जागेवर आहे का ते पाहा. ती सरकू शकते. मग आपल्या नावाचे चौकोन शोधा. पहिल्या बैठकीला येताना तीन गोष्टी ठरवून या: आपल्याकडून अंतिम मंजुरी कोण देणार, ती व्यक्ती कोणत्या दिवसांत उपलब्ध नसेल, आणि कोणती तारीख कुठल्याही परिस्थितीत हलवता येणार नाही. आकृती काढायला आम्ही तिथेच बसतो.