मेमरी फोमच्या वर आणि खाली

मेमरी फोमच्या जाहिरातीत हाताचा ठसा हमखास असतो. पंजा दाबतात, उचलतात आणि बोटांची खूण सावकाश भरून येते. ती खूण खरी आहे, तिच्यामागचं विज्ञानही सुंदर आहे. पण तेवढ्यावरून गादी निवडायची म्हटलं तर हाती फार थोडं लागतं. कारण रात्री आपण नुसत्या मेमरी फोमवर झोपत नाही. त्याच्या खाली दुसरा फोम किंवा स्प्रिंग असतात, त्याखाली पलंग असतो. वर खोळ आणि चादर असते, डोक्याखाली उशी असते. मेमरी फोम सुख देणार की त्रास, हे बऱ्याच अंशी त्याच्या वरखाली काय आहे यावर ठरतं. गादी घेताना लोक जाडी विचारतात, कंपनी विचारतात. थर कोणत्या क्रमाने आणि किती जाडीचे आहेत हे मात्र क्वचितच कोणी विचारतं, आणि माझ्या मते विचारायला हवं ते हेच.

हा फोम जन्माला आला तो झोपेसाठी नव्हे. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानाच्या आसनांसाठी तो विकसित केला. धक्का शोषून घ्यावा आणि तासन्‌तास बसणाऱ्याला टोचूही नये, अशी गादी हवी होती. घरच्या बिछान्यापर्यंत तो बऱ्याच उशिरा पोचला. फागर्डाला या स्वीडिश कंपनीने १९९१ साली त्याची गादी बाजारात आणली, आणि मग तो जगभर पसरला.

रसायनाच्या दृष्टीने मेमरी फोम म्हणजे पॉलियुरेथेनच, सोफ्यात आणि गाडीच्या आसनात असतं त्याच कुळातलं. फरक आहे तो रेणूंच्या साखळ्या किती मोकळेपणाने हलतात यात. अशा लांब साखळ्यांच्या प्रत्येक पदार्थाला, म्हणजे पॉलिमरला, काचसंक्रमण तापमान असतं. त्याच्या बरंच खाली गेलं की साखळ्या जखडतात आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो. बरंच वर गेलं की त्या मोकळ्या होतात आणि पदार्थ रबरासारखा उसळतो. साध्या फोममध्ये हे तापमान शून्य अंशाच्या पुष्कळ खाली असतं, म्हणून घरात तो नेहमीच उसळता राहतो. मेमरी फोममध्ये घटकांचं प्रमाण बदलून हे तापमान मुद्दाम खोलीच्या तापमानाच्या आसपास आणून ठेवलेलं असतं. त्यामुळे साखळ्या धड जखडलेल्या नसतात, धड मोकळ्याही नसतात. दाब आला की त्या सरकतात, पण वेळ घेऊन. दाब गेला की परततात, तेही वेळ घेऊन. सरकताना एकमेकींवर घासतात आणि दाबाची बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपात विरून जाते. पोलादी गोळी ठरावीक उंचीवरून सोडून फोमची उसळी मोजतात. मेमरी फोमवर ती सोडलेल्या उंचीच्या वीस टक्केही परत येत नाही. शेजारी झोपलेला माणूस कूस बदलतो तेव्हा आपल्याला हादरा कमी जाणवतो, तो याच गुणामुळे.

तापमान आणि वेळ या दोन गोष्टींवर चालणारा पदार्थ हाताने दाबून पारखता येत नाही, कारण हात दोन सेकंद दाबला जातो आणि आपण झोपतो सात-आठ तास. थंड खोलीत हा फोम मधासारखा घट्ट होतो. पहिली काही मिनिटं गादी कडक लागते आणि अंगाची ऊब आत शिरेल तशी ती सैलावते. उकाड्याच्या रात्री तीच गादी सुरुवातीपासून मऊ लागते. म्हणजे दुकानातल्या वातानुकूलित हवेत कडक वाटलेली गादी घरी गरम खोलीत मऊ निघू शकते. दुकानात काठावर बसून बघण्याला काही अर्थ नाही. ज्या कुशीवर आपण खरोखर झोपतो त्याच कुशीवर निदान पंधरा मिनिटं पडून राहायला हवं. विक्रेता घाई करत असेल तर तो आपल्या झोपेचा विचार करत नाही, एवढं समजावं.

हा मऊपणा हवा कशासाठी? जमिनीवर कुशीवर झोपलं की शरीराचा भार खांदा, कंबरेचं हाड आणि गुडघा अशा मोजक्या जागांवर येतो. भार तोच, पण टेकणारं क्षेत्र लहान, म्हणून दाब जास्त. युजीन लँडिस यांनी १९३० साली माणसाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांमधला दाब मोजला होता. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. बाहेरून यापेक्षा जास्त दाब पडला की रक्त लगेच थांबतंच असं नाही. शरीराकडे सावरायचे बरेच मार्ग असतात. पण हाडाच्या टोकावर दाब वाढला आणि टिकून राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, ती जागा दुखू लागते आणि आपण झोपेतच कूस बदलतो. मेमरी फोम अंगाच्या वळणांप्रमाणे खाली जातो, टेकणारं क्षेत्र वाढवतो आणि या टोकांवरचा दाब कमी करतो. त्याचं मुख्य काम एवढंच. पाठीचा कणा सरळ धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. ते खालच्या थराचं.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. सगळी गादी मेमरी फोमची असेल तर उत्तम, असं वाटतं. पण शरीराचा सर्वांत जड भाग कंबर आणि नितंबांचा. मऊ थर फार जाड असला तर तो भाग छाती आणि पायांपेक्षा जास्त खाली जातो, कणा मध्ये झुकतो आणि सकाळी कंबर धरते. शिवाय झोपेत कूस बदलायची म्हणजे स्वतःच्याच खड्ड्यातून वर यावं लागतं. तरुण माणसाला ते जाणवत नाही. गुडघे किंवा खांदे दुखणाऱ्या ज्येष्ठ माणसाला मात्र त्यासाठी जाग येते. म्हणून बांधणी तळातून वर अशी बघावी. सर्वांत खाली दहा-पंधरा सेंटिमीटरचा घट्ट, उसळता फोम किंवा स्प्रिंग. मधे थोडा मध्यम फोम, जेणेकरून मऊ थर संपला की अंग एकदम कठीण तळावर आदळणार नाही. सर्वांत वर मेमरी फोम, साधारण पाच ते आठ सेंटिमीटर. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आत जायला हवा, म्हणून त्याने आठच्या बाजूला झुकावं. पालथं झोपणाऱ्याने पाचपेक्षाही कमी घेतला तरी चालेल, कारण पोट आत गेलं की कंबरेला बाक येतो. वजनाने हलक्या माणसाला तोच थर कडक लागतो, भारी माणूस त्यातून आरपार तळाला टेकतो. एका बिछान्यावर दोघं झोपत असतील तर दोघांनीही पडून पाहणं एवढ्यासाठीच आवश्यक आहे.

कंबरदुखीवर कडक गादीच बरी, हा समज फार जुना आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या ३१३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना जुनाट कंबरदुखी होती. निम्म्यांना कडक, निम्म्यांना मध्यम कडक गादी दिली गेली. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालेलं होतं. वर मऊ आणि खाली घट्ट हा क्रम याच्याशी जुळतो.

घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. जास्त घनतेचा मेमरी फोम कडकच असेल असं नाही, तो बहुधा जास्त टिकतो एवढंच. कमी घनतेचा फोम पहिल्या दिवशी तितकाच सुखद वाटू शकतो, पण लवकर बसतो. वरच्या थरासाठी घनमीटरला पन्नास किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त घनता असावी, असं मी म्हणेन. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. नुसता मेमरी फोमचा टॉपर, म्हणजे गादीवर टाकायचा सुटा थर, असेल तर वजनकाटा पुरतो. १९० सेंटिमीटर लांब, ९० रुंद आणि ५ जाड टॉपर पन्नास घनतेचा असेल तर त्याचं वजन सव्वाचार किलोच्या थोडं वर भरेल. अडीच किलोच भरला तर घनता तीसच्या आसपास आहे.

नवी गादी घ्यायची नसेल आणि आहे त्या गादीवर टॉपर टाकायचा असेल, तर आधी गादीचं दुखणं ओळखावं. गादी सपाट आहे पण फार कडक आहे, तर टॉपर छान काम करतो. त्याचा खरा उपयोग इथेच. गादी आधीच फार मऊ असेल तर टॉपरने ती आणखी मऊ होते. आणि मध्ये खड्डा पडला असेल तर टॉपर त्या खड्ड्यात निमूट जाऊन बसतो. गादीवर आडवी सरळ काठी ठेवावी. कोणी झोपलेलं नसताना काठीखाली तीन-चार सेंटिमीटरची फट दिसली, तर पैसे टॉपरवर नव्हे, गादीवर खर्च करावेत. पलंगाच्या पट्ट्यांमध्ये फार अंतर असेल तरीही फोम त्या फटींत दबतो, म्हणून तेही एकदा बघून घ्यावं.

आता वरची बाजू. रुग्णालयांत ही गोष्ट चांगली ठाऊक असते, घरी मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते. चादर ढोलाच्या पानासारखी ताणून बसवली की अंग फोममध्ये जातच नाही. ते ताणलेल्या कापडावर तोललं जातं, दाब पुन्हा खांद्यावर आणि कंबरेवर येतो, आणि महागडा फोम खाली नुसता पडून राहतो. न ताणणाऱ्या जाड प्लास्टिकच्या संरक्षक खोळीचंही असंच होतं. वर घडी करून घातलेल्या दोन-तीन गोधड्या तर फोमपर्यंत अंगाची ऊबही पोचू देत नाहीत. म्हणून खोळ विणीची, ताणणारी असावी आणि चादर एकच, थोडी सैल. पाणी अडवणारी खोळ लागतच असेल तर पातळ आणि लवचीक पडद्याची घ्यावी.

उष्णतेची तक्रार खरी आहे. पॉलियुरेथेन फोम उष्णता सहजासहजी वाहून नेत नाही. फ्रिजच्या भिंतींत भरतात तो कडक फोम याच जातीचा. त्यात मऊ फोम अंगाला बिलगतो, म्हणून झाकली जाणारी त्वचाही जास्त. झोप लागताना शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर टाकतं आणि गाभ्याचं तापमान उतरू लागतं. पावलं उबदार असली की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कुर्ट क्राउखी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं. ती उष्णता पुढे निघून गेली नाही तर मध्यरात्री घाम आणि जाग. फोममध्ये जेल घालतात, ठरावीक तापमानाला वितळणारे पदार्थ घालतात. ते हाताला थंड लागतात आणि काही काळ उष्णता पितात, पण त्यांची क्षमता भरली की संपलं. रात्रभर उपयोगी पडते ती हवा जाण्याची वाट. म्हणजे मऊ थर पातळ, फोमला भोकं, खोळ आणि चादर हवा आणि घामाची वाफ जाऊ देणारी, खाली फळीऐवजी पट्ट्यांचा पलंग. ज्याला मुळातच उकडतं त्याने पाच सेंटिमीटरच्या वर जाऊ नये.

टॉपर टाकला की उशीही बदलावी लागते, हे सांगायचं राहून जातं. कुशीवर झोपल्यावर मान सरळ राहायला उशीने खांद्याएवढी उंची भरून काढायची असते. नव्या थरात खांदा तीन सेंटिमीटर आत गेला तर जुनी उशी तेवढ्याने जास्त उंच ठरते आणि मान वर मुरडते. अशी मानदुखी गादीच्या माथी मारली जाते आणि चांगला टॉपर परत पाठवला जातो. फोमच्या तुकड्यांनी भरलेली उशी असेल तर थोडे तुकडे काढून उंची जमवता येते.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. तान्ह्या बाळाला मेमरी फोमवर झोपवू नये. बाळाला घट्ट, सपाट पृष्ठभाग लागतो. मऊ फोममध्ये नाक दबलं तर त्याला मान वळवून सुटता येत नाही आणि श्वास कोंडू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत हा फोम दाब कमी करतो, पण त्याला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावंच लागतं. मायकेल कोसियाक यांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की जखम होण्यात दाबाइतकाच वेळही मोजायचा असतो. थोडा दाब फार वेळ राहिला तरी त्वचा फाटते.

नव्या फोमचा वास काही दिवसांत जातो. खिडक्या उघड्या ठेवून, खोळ काढून तो पसरून ठेवावा. गुंडाळून आलेला फोम पूर्ण फुगायला एक-दोन दिवस घेतो, थंडीत त्याहून जास्त. फोम धुवू नये. पाणी भरलं की तो स्वतःच्या वजनाने फाटतो आणि आतून लवकर वाळत नाही. डाग पडला तर टिपून घ्यावा आणि सावलीत वारा द्यावा, कारण कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. काही महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवावी. आणि सकाळी उठल्यावर राहिलेला अंगाचा खड्डा संध्याकाळपर्यंतही भरून आला नाही, तर तो थर संपला आहे. तेव्हा त्यावर आणखी एक थर टाकू नये, तो काढून नवा घालावा.