‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे बायबलमध्ये नाही

मयताच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. आधार म्हणून प्रेषित पौलाच्या पत्रातलं पहिले करिंथकर 10:13 हे वचन सांगतात: देव तुमची परीक्षा शक्तीपलीकडे होऊ देणार नाही. पण तिथे विषय दुःखाचा नाही, मोहात पडण्याचा आहे. पुढच्याच वचनात पौल मूर्तिपूजेपासून दूर पळायला सांगतो. मराठी बायबलमध्ये मोहासाठी ‘परीक्षा’ शब्द आल्याने घोटाळा होतो.

दुःखाबद्दल तोच पौल दुसरे करिंथकर 1:8-9 मध्ये मोकळेपणी कबूल करतो की आशियात (तेव्हाचा रोमन प्रांत, आजचा पश्चिम तुर्कस्तान) आम्ही शक्तीपलीकडे दडपलो, जगण्याची आशाच सुटली. म्हणूनच स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकलो.

लेकरू गमावलेल्या आईला ‘तुला झेपेल म्हणूनच दिलं’ म्हणणं मला क्रूर वाटतं. तिला झेपत नाहीये. तसं देवाला रडून सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे. बायबलमधलं स्तोत्र 88, म्हणजे देवापुढे केलेला विलाप, तर अंधारातच संपतं.