फवारणीतली विषबाधा आणि साठ दिवसांची बंदी

कीटकनाशकांचा कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर होता तो खाणारा, फवारणारा नव्हे. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले अन्न पोटात जाऊन शंभरावर माणसे दगावली, चौकशी आयोग बसला आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कायदा आला. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे आले. पॅराथिऑन ज्यात मोडते त्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांशी रोजचा संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज (मज्जातंतूंच्या कामाला लागणारे विकर, जे या विषाने दबते) दरमहा तपासावे, हेही आले. पण कलम ३८ ने स्वतः कसत असलेल्या जमिनीवरचा वापर कायद्याबाहेरच ठेवला. नियम शिल्लक राहिले ते कारखान्यापुरते आणि गोदामापुरते.

त्याची किंमत २०१७ च्या खरिपात यवतमाळने मोजली. ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान फवारणीतल्या विषबाधेने शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले आणि एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत गेली होती. फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर, छातीवर झेलायचा, अशी गत. पॉवर पंपाचा बारीक तुषार, उकाडा, त्यात दोन-तीन औषधे एकाच टाकीत. बोंडअळी जुमानत नव्हती म्हणून फवारण्याही वाढल्या होत्या. फवारणारे बरेचसे भूमिहीन मजूर होते, ओल्या कपड्यांनिशी संध्याकाळपर्यंत राबणारे. नियमात १९७१ पासून असलेली कोलिनेस्टरेजची तपासणी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीही होत नव्हती. डॉक्टर लक्षणे पाहून ॲट्रोपिन हा उतारा देत राहिले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्याने पाच कीटकनाशकांवर बंदी घातली: मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन आणि दोन मिश्रणे, म्हणजे प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन व फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड. मुदत साठ दिवस. या मुदतीवरून जेवढी टीका झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नसेल. राज्याची बाजूही ऐकायला हवी. औषधाची नोंदणी केंद्राच्या हाती. राज्य विक्रीचे परवाने देते. कलम २७ नुसार चौकशी होईतो साठ दिवस विक्री व वापर थांबवता येतो, त्यापुढे फार तर तीस दिवस. कायमची बंदी राज्याला घालताच येत नाही. मात्र आदेश निघाला तेव्हा फवारणीचा हंगाम सरत आला होता आणि कापूस वेचणीला आला होता, यावर या बचावात उत्तर नाही. ऑगस्टमध्येच, पहिले रुग्ण आले तेव्हा, हेच कलम वापरता आले असते.

राज्याने नेमलेल्या विशेष पथकाने मोनोक्रोटोफॉस पूर्ण बंद करा, असे सुचवले आणि शेतकरी-मजुरांनी खबरदारी घेतली नाही, असेही नोंदवले. भर पडला तो दुसऱ्या वाक्यावर. पुढच्या मोहिमा मास्क, हातमोजे आणि फवारणीच्या किटपाशी घुटमळल्या. विदर्भातल्या सप्टेंबरच्या उन्हात अंगभर प्लास्टिक चढवून पंप वाहणे किती वेळ जमते, हे किट वाटणाऱ्याने एकदा करून पाहावे.

मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. कपाशीवर चालू होते. २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांवर बंदी जाहीर केली, त्यातही ते नव्हते. त्या खरिपात राज्याला पुन्हा तोच साठ दिवसांचा आदेश काढावा लागला. मे २०२० मध्ये केंद्राने काढलेल्या, २७ औषधांवरील बंदीच्या मसुद्यात ते आले. २०२३ मध्ये त्याचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करायचे ठरले, पण दुकानातला साठा मुदत संपेपर्यंत विकायची सवलत देऊनच. यवतमाळच्या यादीतले ॲसिफेटही २०२० च्या मसुद्यात होते, पण २०२३ च्या बंदीतून ते सुटले. प्रोफेनोफॉस, डायफेंथियुरॉन आणि फिप्रोनिल यांची नावे तर त्या मसुद्यातही नव्हती.