पुणे–दिल्ली: हवाई अंतर आणि तिकिटावरची वेळ

पुण्याहून दिल्लीला विमानाने किती वेळ लागतो, असे विचारले की कोणी जेमतेम दीड तास सांगतो, तर कोणी सव्वादोन तास. आणि गंमत म्हणजे हिशेब दोघांचाही चुकलेला नसतो. पहिला अंतराला वेगाने भागतो, दुसरा तिकीट वाचतो.

लोहगाव विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेले हे सर्वांत जवळचे अंतर असल्यामुळे, चौदाशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या रस्त्यापेक्षा ते बरेच कमी भरते. प्रवासी जेट विमान उंचीवर पोहोचल्यानंतर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जाते, म्हणून भागाकाराचे उत्तर १ तास २५ मिनिटांच्या आसपास येते. मात्र विमान हा वेग पहिल्या मिनिटापासून गाठत नाही आणि शेवटपर्यंत टिकवतही नाही. शिवाय ते ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेवरून नव्हे.

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही आकाशात झेपावण्याची वेळ नसतेच. विमान उभ्या जागेवरून हलते ती सुटण्याची वेळ आणि दिल्लीत नेमून दिलेल्या जागी थांबते ती पोहोचण्याची वेळ. लोहगावला खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हा फरक डोळ्यांनी पाहता येतो: दार बंद होते, चाकांना लावलेले ठोकळे काढले जातात, विमान रांगत धावपट्टीकडे निघते, आणि तळ मुळात हवाई दलाचा असल्याने कधीकधी लढाऊ विमाने उडेपर्यंत थांबावेही लागते. पुढे दिल्लीच्या गर्दीच्या आकाशात घिरट्या घालण्याची वेळ येऊ शकते, आणि उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचे रांगणे असतेच. कंपन्या ही सगळी मिनिटे, वर थोडी सैल जागा ठेवून, वेळापत्रकात धरतात. म्हणूनच उशिरा सुटलेले विमानही कधीकधी वेळेवर पोहोचते.

अंतर दोन्ही दिशांना सारखे असते, वेळ मात्र तशी नसते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात आणि पूर्व–पश्चिम प्रवासात ते जास्त जाणवतात. पुणे–कोलकाता हवाई अंतर सुमारे १,५८० किलोमीटर आहे. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर जाताना जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ९३० होतो आणि येताना ७३०. एवढ्यानेच जाण्यायेण्यात अर्ध्या तासाच्या जवळपास फरक पडतो. परदेशी तिकिटावर आणखी एक फसगत संभवते, कारण तिथल्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून जाताना दोन वेळांच्या वजाबाकीत दीड तास मिळवावा लागतो आणि येताना तो वजा करावा लागतो.

दिल्लीला कोणाला घ्यायला जायचे असेल तर भागाकार बाजूला ठेवून तिकिटावरचीच वेळ पाहावी, आणि तीही बॅगा येईपर्यंतची वीसेक मिनिटे मिळवून. कारण मोबाइलवर ‘विमान उतरले’ असे दिसते, तेव्हा पाहुणा अजून पट्टा बांधून खुर्चीतच बसलेला असतो.