जातिलुविह: किडीच्या धाकाने पाणी वाटणारं गाव

पाटात आडवा बसवलेला एक लाकडी ओंडका. माथा तासून सपाट केलेला आणि त्यात दोन खाचा पाडलेल्या: समजा एक चार बोटं रुंद, दुसरी आठ बोटं. पाणी ओंडक्याला अडतं, थोडं फुगतं आणि दोन्ही खाचांतून पलीकडच्या दोन पाटांत पडतं. एका पाटाला एक वाटा, दुसऱ्याला दोन. दार नाही, चाक नाही, कुलूप नाही. बालीत याला तेंबुकू म्हणतात. जातिलुविहच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भातखाचरांचे फोटो कॅलेंडरांवर झळकतात, पण त्या पायऱ्या ज्याच्या जिवावर हिरव्या राहतात तो ओंडका फोटोत सहसा येत नाही.

इंडोनेशियाच्या बाली बेटावर तबानान जिल्ह्यातल्या पेनेबेल तालुक्यात हे गाव आहे. प्रांताची राजधानी देनपासार इथून रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. पाठीशी बातुकारू हा २,२७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी, आगुंगनंतरचा बालीतला सर्वांत उंच डोंगर. त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर ही खाचरं आहेत. 'जाति' म्हणजे खरोखर आणि 'लुविह' म्हणजे उत्तम किंवा सुंदर, असा नावाचा अर्थ लावतात. २०१२ साली युनेस्कोने बालीतला सुमारे १९,५०० हेक्टरांचा प्रदेश जागतिक वारशात घेतला, त्यात बातुकारूच्या पायथ्याचा हा पट्टा आहे. वारसा म्हणून नोंद झाली ती नुसत्या पायऱ्यांची नाही, तर त्यांना पाणी देणाऱ्या 'सुबाक' व्यवस्थेची.

सुबाक म्हणजे एका पाटाचं पाणी घेणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची संघटना. (मराठी कानाला 'सुबक' ऐकू येतं आणि खाचरं पाहून ते पटतंही, पण दोन शब्दांचा संबंध नाही. इ.स. १०७१च्या कोरीव लेखात 'कसुवाकन' असा शब्द आहे, त्यातून हे नाव आलं.) सुबाकची हद्द गावाच्या हद्दीशी जुळतेच असं नाही, ती पाण्याच्या वाटेने जाते. एकाच शेतकऱ्याची दोन पाटांवर जमीन असेल तर तो दोन सुबाकांचा सभासद. सुबाक जातिलुविहकडे ३०३ हेक्टर भातशेती आहे आणि तिचे सात पोटगट आहेत, त्यांना तेंपेक म्हणतात. सुबाकच्या मुख्याला पेकासेह म्हणतात, तर नियमांना अविग-अविग. पाट साफ करायला कोण आला नाही, कोणी रात्री खाच बुजवली, याचा दंड त्या नियमांत ठरलेला असतो.

पाणी आणायचं कसं, हाच मुळात अवघड प्रश्न. बालीच्या ज्वालामुखींनी ओकलेली राख दाबून-घट्ट होऊन मऊ खडक झाला आणि नद्यांनी तो खोल चिरत नेला. त्यामुळे शेताशेजारून नदी वाहते, पण कित्येक मीटर खाली, घळीत. तिथून पाणी उचलायला पंप लागेल. त्याऐवजी नदीच्या वरच्या अंगाला, जिथे तिचं पात्र शेतापेक्षा उंच आहे तिथे बंधारा घालायचा आणि पाणी डोंगराच्या कडेकडेने आणायचं. मध्ये सोंड आडवी आली की बोगदा. हाच मऊ खडक इथे कामाला येतो: छिन्नीने कोरता येतो आणि आधाराशिवाय उभाही राहतो. ही कला जुनी आहे. इ.स. ८९६च्या एका लेखात बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा वेगळा उल्लेख सापडतो.

आता पुन्हा त्या ओंडक्याकडे. खाचेवरून पडणारं पाणी दोन गोष्टींवर ठरतं: खाचेची रुंदी आणि खाचेच्या तळापासून वरच्या पाण्याची उंची. रुंदी दुप्पट केली की पाणी जवळपास दुप्पट. उंचीचा हिशेब मात्र वेगळा, पाणी उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतं. दोन्ही खाचांचे तळ एकाच पातळीत असतील तर दोन्हींवरची उंची नेहमी सारखीच राहते. मग नदी भरून वाहो की आटो, वाटणी रुंदीच्याच प्रमाणात होते. पाणी किती आलं हे मोजायची गरजच उरत नाही. टंचाई आली तर सगळ्यांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात येते.

फसवायचं असेल तर कुठे फसवता येईल? रुंदी वाढवली तर ती लांबूनही दिसते. खाचेचा तळ दोन सेंटिमीटर खरवडला तर पाण्याखाली काही दिसत नाही. पाणी भरपूर असताना, म्हणजे खाचेवर १० सेंटिमीटर उंची असताना, दोन सेंटिमीटर जास्त खोल खाचेला सुमारे ३१ टक्के जास्त पाणी मिळतं. पण नदी आटून तीच उंची दोन सेंटिमीटरवर आली की खोल खाचेवर चार होतात आणि तिला पावणेतीन पटींहून जास्त पाणी जातं. चोरीचा खरा लाभ कोरड्या दिवसांत, जेव्हा दुसऱ्याला ते सर्वांत जास्त टोचतं. न चोरताही वाटणी बिघडू शकते. एका खाचेत पालापाचोळा अडकतो, ओंडका एका बाजूने खचतो. किंवा एका बाजूचा पाट गाळाने इतका वर येतो की खाचेपलीकडे पाणी पडायला जागाच राहत नाही, ते तुंबतं आणि त्या बाजूचा वाटा घटतो. म्हणून तेंबुकूखाली पाणी मोकळं पडायला हवं, आणि तळ सपाट आहे ना ते पाट बंद असताना तपासायला हवं. हल्ली बरेच तेंबुकू काँक्रीटचे झालेत, तत्त्व तेच.

१९८०च्या दशकात बालीतल्या काही सुबाकांत सरकारी प्रकल्पातून खाली-वर करता येणारी दारं बसवली गेली. कागदावर ती जास्त अचूक होती. शेतकऱ्यांनी ती बाजूला सारली आणि ठरल्या मापाच्या खाचा परत आणल्या. दार कोणी कधी फिरवलं याचा पत्ता लागत नाही. खाच मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही बोटांनी मोजून बघता येते.

इथवर सगळं समजण्यासारखं आहे. पण एक कोडं उरतं, आणि ते आपल्याकडच्या कोणत्याही कालव्यावरच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. हेडचा, म्हणजे पाटाच्या वरच्या टोकाचा शेतकरी टेलच्याला, म्हणजे खालच्या टोकाच्याला पाणी सोडतोच कशाला? पाणी आधी त्याच्याकडे येतं. रात्री चार ढेकळं टाकून खाच बुजवायला कोणाची परवानगी लागत नाही. पेकासेहकडे पोलीस नाहीत.

सगळ्यात जास्त पाणी लागतं ते चिखलणी आणि लावणीला. खाचर भिजवून चिखल करायला ढोबळ हिशेबाने २०० मिलिमीटर पाणी धरलं तर हेक्टरी २० लाख लिटर होतात. ३०३ हेक्टर एकदमच वीस दिवसांत भिजवायचं म्हटलं तर सेकंदाला साधारण ३५० लिटरचा प्रवाह अखंड हवा. तेच काम साठ दिवसांत पसरलं तर ११७ लिटरमध्ये भागतं. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर पेरण्या मागे-पुढे असणंच सोयीचं. हेडच्याने आधी लावावं, टेलच्याने मागून.

पण असं केलं तर वर्षभर कुठे ना कुठे हिरवं भात उभं राहतं, आणि हेच तपकिरी तुडतुड्याला हवं असतं. हा किडा जवळजवळ फक्त भातावर जगतो. अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला तीन-चार आठवडे पुरतात, मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि मग शेतात गोल गोल चकत्यांनी पीक करपल्यासारखं वाळत जातं. हिरवा तुडतुडा वेगळा, तो टुंग्रो हा विषाणुरोग पसरवतो. वर उंदीर आहेतच. या सगळ्यांचा एकच खात्रीचा इलाज: मोठ्या पट्ट्यातलं भात एकाच वेळी कापायचं, मग सगळी खाचरं एकदम पाण्याखाली किंवा कोरडी ठेवायची आणि किडीची उपासमार करायची. एकट्या माणसाने आपलं अर्धा एकर मोकळं ठेवून काही होत नाही. बांधापलीकडून कीड परत येते.

आता कोडं सुटतं. हेडच्याला पाण्याची चिंता नाही, पण किडीची आहे. टेलच्याला पाणी मिळालं नाही तर तो उशिरा लावेल, त्याचं भात उभं राहील आणि तिथली कीड पुढच्या हंगामात वर चढेल. तेव्हा त्याला वेळेवर पाणी देणं यातच वरच्याचा फायदा. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी बालीतल्या शेतकऱ्यांना विचारलं होतं, 'जास्त नुकसान कशाने होतं, किडीने की पाण्याच्या टंचाईने?' वरच्या अंगाचे बहुतेक 'कीड' म्हणाले, खालचे 'पाणी' म्हणाले. सौदा जमतो तो या दोन उत्तरांच्या फरकावर.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड या जुन्या सामुदायिक सिंचन पद्धतीतही एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने क्रमाने पाणी द्यायचं, असा शिस्तीचा भाग होता. पण तिथे शिस्तीचा रोख पाण्यावर. बालीत कीडही तितकीच मोठी भागीदार आहे.

ही भागीदारी विसरली तर काय होतं, ते बालीने १९७०च्या दशकात पाहिलं. हरित क्रांतीची बुटकी, लवकर येणारी वाणं आली. प्रत्येकाने जमेल तितक्या वेळा, जमेल तेव्हा भात लावावं असा आग्रह धरला गेला. पाण्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्या जलमंदिरांकडे भाबडी श्रद्धा म्हणून पाहिलं गेलं. आधी उत्पन्न वाढलं, मग तपकिरी तुडतुडे आले. त्यांना दाद न देणारं आयआर-३६ हे वाण आणलं, ते टुंग्रोला बळी पडलं. टुंग्रोला टिकणारं पुढचं वाण तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीपुढे हरलं. फवारे वाढवले तर तुडतुडे खाणारे कोळीच आधी मेले. अखेर १९८६ साली इंडोनेशियाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली.

लान्सिंग आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी मग ओस आणि पेतानू या दोन नद्यांमधल्या १७२ सुबाकांची संगणकावर नक्कल केली. प्रत्येक सुबाकला मनाला येईल ते वेळापत्रक दिलं आणि एकच नियम ठेवला: वर्षाअखेर शेजारच्या सुबाकांकडे पाहा, ज्याचं पीक सर्वांत जास्त त्याचं वेळापत्रक उचला. दहाएक नकली वर्षांत पडद्यावर एकत्र पेरणारे पट्टे तयार झाले, आणि ते प्रत्यक्षातल्या जलमंदिरांच्या गटांशी बरेच जुळले. पट्टे फार लहान झाले तर किडीने पीक जातं, फार मोठे झाले तर पाणी पुरत नाही. मधला आकार कोणीही वरून ठरवला नव्हता. तेव्हा मंदिरातली बैठक म्हणजे प्रत्यक्षात हंगामाचं नियोजन. बातुकारूच्या उतारावर ते काम पुरा लुहूर बातुकारू आणि जातिलुविहच्या हद्दीतलं पुरा पेताली यांसारख्या मंदिरांभोवती बांधलेलं आहे. पहिलं पाणी पाटात सोडताना 'मापाग तोया' म्हणजे पाण्याचं स्वागत होतं. विधी झाल्याखेरीज कोणी खाचर भिजवायचं नाही. 'तोया' हा शब्द ओळखीचा वाटला असेल, तो संस्कृत तोयच आहे.

जातिलुविहने जुनं भात पूर्ण सोडलं नाही, हे या गावाचं वेगळेपण. वर्षातून एकदा इथे स्थानिक लाल भात घेतात. साधारण जानेवारीत लावणी, जून-जुलैत कापणी. दुसरं पीक लवकर येणाऱ्या वाणाचं. जुनं भात उंच वाढतं आणि त्याचे दाणे लोंबीला घट्ट धरून राहतात. म्हणून ते तळहातात मावणाऱ्या छोट्या पात्याने लोंबी-लोंबी करून कापायचं, पेंड्या बांधायच्या, वाळवायच्या आणि जिनेंग या उंच खांबांवरच्या कणगीत पेंड्यांसकट ठेवायच्या. भाताची देवी देवी श्री, म्हणजे आपलीच श्री, पातं पाहून घाबरू नये म्हणून ते मुठीत लपवायचं असं सांगतात. नव्या बुटक्या वाणांचे दाणे सहज झडतात. त्यांना विळा आणि शेतातच झोडणी. पेंडी नाही, मग कणगीचंही काम संपलं. वाण बदललं की घराचा आकारसुद्धा बदलतो, तो असा.

कापणीनंतर बदकं येतात. बदकं राखणारा खाचरात एक काठी रोवतो, टोकाला कापड किंवा पिसांचा झुबका, आणि बदकं दिवसभर त्या काठीच्या आसपासच राहतात. सांडलेले दाणे, किडे, गोगलगायी खातात आणि वर खत टाकतात.

खताचंही इथलं गणित निराळं आहे. ज्वालामुखी खडकातून झिरपून येणाऱ्या पाण्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) विरघळलेले असतात, आणि हे पाणी खाचरातून खाचरात उतरत प्रत्येकाला ते देत जातं. हरित क्रांतीच्या काळात तरीही नत्र-स्फुरद-पालाशाचा ठरावीक डोस सगळीकडे सांगितला गेला. पिकाला न लागलेलं खत नद्यांतून समुद्रात गेलं. किनाऱ्याजवळच्या प्रवाळांच्या सांगाड्यांत त्या नत्राची खूण नंतर सापडली.

आज गावापुढे दुसरंच संकट आहे. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जातिलुविहला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. पर्यटक वाढले की रस्त्याकडेची खाचरं कॅफे आणि वाहनतळांना जास्त मोल देतात. यात जमीन जाते हे सगळे बोलतात, पण दुसरं नुकसान मला जास्त गंभीर वाटतं. पाटाच्या हेडला ज्याचा कॅफे आहे, त्याच्याकडे भातच नाही, तेव्हा खालच्या तुडतुड्यांनी त्याचं काही बिघडत नाही. पाणी वाटून घेण्याचं त्याचं कारण संपलेलं असतं, आणि ते कारण दंडाने परत आणता येत नाही.

हिरवी खाचरं पाहायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल गाठा, पिवळी हवी असतील तर जून. बांधावरून चालताना पाय मधोमध टाका, कडेवर नको. हे बांध नुसत्या चिखलाचे असतात, खेकडे आणि वाम त्यांना आतून आधीच पोखरून ठेवतात. एक कड ढासळली तर वरच्या खाचराचं पाणी रात्रीतून खालच्यात उतरतं आणि सकाळी कोणालातरी फावडं घेऊन यावं लागतं.