‘झिपरू’ला घालवणारे पुस्तक आमच्याकडे का मिळत नाही
काल्पनिक मित्र आणि मुलांची आत्मप्रतिष्ठा या विषयांवरील चित्रपुस्तके घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या काही वर्षांत आमच्या दुकानात दोन मागण्या पुन्हा पुन्हा होतात. पहिली अशी की, मुलगी एकटीच कोणाशी तरी बोलत बसते, तर ते थांबेल असे एखादे पुस्तक द्या. दुसरी अशी की, मुलगा बुजरा आहे, तर त्याचा आत्मविश्वास वाढेल असे काहीतरी द्या. दोन्ही मागण्यांमागची काळजी आम्ही जाणतो आणि दोन्ही विषयांवरची चांगली पुस्तके आमच्या कपाटात आहेत. तरीही या दोन कारणांसाठी नेलेली पुस्तके जितक्या वेळा बदलून मागितली जातात, तितकी दुसरी कोणतीही मागितली जात नाहीत. बहुतेक वेळा ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच परत येतात आणि ‘मुलाला आवडले नाही’ एवढेच कारण सांगितले जाते. यात आपली एक खेप वाया जाते, आमचाही वेळ जातो आणि एक चांगले पुस्तक त्या घरातून कायमचे बाद होते. म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

परत आलेल्या पुस्तकाबद्दल आम्ही एकच प्रश्न विचारतो: ते कसे वाचले? मिळणारे उत्तरही जवळजवळ एकच असते. मूल पहिली चार पाने मन लावून ऐकत होते, चित्रांवर बोट ठेवत होते आणि मग वाचणाऱ्याने मध्येच म्हटले, “बघ, हापण तुझ्यासारखाच घाबरतो की नाही? मग शेवटी त्याने काय केलं? तूपण तसंच करायचं हं.” त्यानंतर मुलाने पुस्तक मिटले किंवा ते पाणी प्यायला उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाचे नाव काढू देईना. गुळात घालून दिलेली गोळी मुले जिभेवर येताच ओळखतात, आणि मग पुढे कित्येक दिवस गुळालासुद्धा हात लावत नाहीत. पुस्तकात दोष नव्हता. आपल्यातले काहीतरी दुरुस्त करण्यासाठी हे पुस्तक घरात आले आहे, हे त्या मुलाला कळले होते.

आमच्या अनुभवात वेळ, पैसे आणि गोडी या तिन्हींचे सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही एकच आहे. वय चुकले तर वर्षभराने तेच पुस्तक कामाला येते, भाषा कठीण वाटली तर आपण सोपी करून सांगू शकतो. परंतु पुस्तक एकदा मुलाकडे बोट दाखवू लागले की त्यावर उपाय सापडणे फार अवघड जाते.

पहिल्या मागणीविषयी थोडे सविस्तर लिहितो. एका आई साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला ‘झिपरू’ नावाचा कोणालाही न दिसणारा मित्र होता. त्याच्यासाठी जेवताना वेगळी ताटली मांडावी लागे आणि रिक्षात त्याला बसायला जागा सोडावी लागे. शेजारीपाजारी काहीबाही बोलू लागले होते आणि आई रडकुंडीला आल्या होत्या. आम्ही त्यांच्याशी बोलत असताना मुलगी चटईवर एक पुस्तक घेऊन बसली होती. ती एकेक पान आधी स्वतः पाहायची, मग पुस्तक उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे वळवून धरायची, तिथल्याला नीट पाहता यावे म्हणून क्षणभर थांबायची आणि मगच पान उलटायची. एका पानावर तिने ते परत मागे नेले, कारण झिपरूचे पाहून झाले नव्हते. इतक्या सावकाश, इतक्या नेटकेपणाने चित्रे पाहणारे मूल आम्ही क्वचितच पाहिले आहे. त्या दिवशी आम्ही झिपरूला घालवणारे पुस्तक विकले नाही. तिच्या हातात होते तेच पुस्तक त्या घेऊन गेल्या.

हा निव्वळ पुस्तकविक्रेत्याचा भाबडेपणा नव्हे. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांच्या वयापर्यंत ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता असे आढळले. जिला नाव आणि स्वभाव दिलेला असतो अशी बाहुली किंवा कापडी अस्वल यांचाही त्या आकड्यात समावेश आहे. असे सोबती पहिल्या किंवा एकुलत्या एका मुलांकडे जास्त दिसतात, परंतु ही मुले इतरांपेक्षा जास्त लाजाळू किंवा एकलकोंडी असतात असे काही या संशोधनातून दिसले नाही. त्याच संशोधकांच्या १९९७ सालच्या अभ्यासात, काल्पनिक खेळात रमणारी चार वर्षांची मुले दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल हे ओळखण्यात सरस ठरली होती. शिवाय बहुतेक मुलांना आपला मित्र खरा नाही हे पक्के ठाऊक असते. मुलाखत घेणाऱ्या मोठ्या माणसालाच ती मध्येच ‘हे खोटंखोटं आहे बरं का’ असे समजावतात.

आपल्याकडे तर अदृश्य माणसांची मुळीच वाण नाही. जेवत नाही म्हणून बागुलबुवाला हाक मारणारे आपण मोठेच असतो आणि भातुकलीतला रिकाम्या कपातला चहा आपणही फुंकर घालून पितो. मोठ्यांनी मुलाला घाबरवण्यासाठी निर्माण केलेला बागुलबुवा घराला चालतो आणि मुलाने स्वतःच्या सोबतीसाठी निर्माण केलेला झिपरू मात्र चालत नाही, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा अशी आमची कळकळीची विनंती आहे.

अर्थात आम्ही डॉक्टर नाही. मूल त्या सोबत्याला खरोखर घाबरत असेल, तो मला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो असे म्हणत असेल, इतर मुलांशी खेळणे अजिबात सोडून दिले असेल किंवा झोप आणि जेवण एकाएकी बदलले असेल, तर कृपया पुस्तक शोधण्यात दिवस न घालवता बालरोगतज्ज्ञांना भेटावे. अशा वेळी आम्ही पुस्तक दाखवतच नाही.

आता दुसऱ्या मागणीकडे, म्हणजे ‘आत्मविश्वासा’कडे वळतो. या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचे सरळ दोन प्रकार पडतात. एका प्रकारात पानोपानी ‘तू खास आहेस’, ‘तू सर्वांत सुंदर आहेस’, ‘तुला काहीही जमेल’ असे लिहिलेले असते आणि चित्रात इंद्रधनुष्य असते. दुसऱ्या प्रकारात एखाद्या मुलाला बुटाची नाडी बांधता येत नसते, किंवा वर्गात त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, किंवा धाकट्या बहिणीच्या येण्यामुळे आपली जागा गेली असे त्याला वाटत असते, आणि बत्तीस पानांत त्या एका गोष्टीचे काय होते ते आपण पाहतो. पहिल्या प्रकारची पुस्तके आम्ही फारशी ठेवत नाही आणि त्यावरून काही ग्राहक नाराजही होतात, म्हणून कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे.

अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी मुले स्वतःकडे कसे पाहतात यावर आयुष्यभर काम केले. त्यांच्या मांडणीनुसार ‘माणूस म्हणून माझी एकंदर किंमत काय’ हा विचार मुलाला शब्दांत मांडता येऊ लागतो तो साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास. त्याआधीचे मूल स्वतःविषयी सांगते ते ‘मला उडी मारता येते’, ‘मला दोन मित्र आहेत’, ‘मी दूध सांडत नाही’ अशा भाषेत. मग चार वर्षांच्या मुलाला ‘तू अनमोल आहेस’ हे वाक्य वाचून दाखवले तर त्याच्या हाती काय लागणार? नाडी मात्र त्याच्या हाती लागते. याशिवाय नेदरलँड्समधील एका संशोधनात, जे २०१४ साली प्रसिद्ध झाले, असे दिसले की ज्या मुलांचे स्वतःविषयीचे मत आधीच कमी असते त्यांची अवास्तव स्तुती केल्यास ती अवघड काम हाती घ्यायला कचरतात. ‘छान चित्र’ म्हटले तर चालते. ‘अफलातून, अद्वितीय चित्र’ म्हटले की पुढच्या वेळीही तसेच जमले पाहिजे याचा भार येतो. बुजऱ्या मुलासाठी म्हणून नेमकी अशाच स्तुतीने भरलेली पुस्तके विकत घेतली जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

काल्पनिक मित्राची पुस्तके आणि आत्मप्रतिष्ठेची पुस्तके आमच्याकडे एकाच फळीवर असतात, याचेही अनेकांना आश्चर्य वाटते. मूल आपल्या सोबत्याला जे शिकवते, ज्या गोष्टीसाठी त्याला रागावते आणि ज्यासाठी त्याला जवळ घेते, त्यातून ते स्वतःविषयी काय समजते हे फार स्पष्ट दिसते. अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दरवर्षी दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक २०१५ साली अशाच एका सोबत्याच्या पुस्तकाला मिळाले. ती गोष्ट मुलाच्या बाजूने न सांगता मित्राच्या बाजूने सांगितलेली आहे: आपल्याला कोणी तरी कल्पनेत आणावे, नाव द्यावे, म्हणून तो वाट पाहत असतो. कोणीतरी आपल्याला निवडावे ही ओढ प्रत्येक मुलाला ओळखीची असते, आणि ती ‘आत्मविश्वास’ हा शब्द न उच्चारता पानावर येते.

वाचण्याची रीत
पुस्तक घरी नेल्यावर पहिल्या वेळी कृपया फक्त वाचावे. प्रश्न विचारायचाच असेल तर चित्राविषयी विचारावा: “इथे काय चाललंय?” किंवा “हा कुठे निघाला असेल?” १९८८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशा मोकळ्या प्रश्नांची सवय लावली, तेव्हा अवघ्या महिनाभरात त्या मुलांचे बोलणे इतरांच्या पुढे गेलेले दिसले. ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच सांगते. ‘तो एकटाच निघाला’ असे छापलेले असते आणि रस्त्यावर सावल्या दोन पडलेल्या असतात. ती दुसरी सावली मुलाला आधी दिसते, आपल्याला नंतर. ती आपण दाखवून देऊ नये. मुलाने दाखवली की आपण खरोखर चकित व्हावे, एवढे पुरे. आपल्याला न दिसलेले काहीतरी आपल्या आईला किंवा बाबाला दाखवता आले, हा त्या वयातला फार मोठा मान असतो.

मुलाने स्वतःहून ‘हा माझ्यासारखाच आहे’ म्हटले तर ‘हो का?’ म्हणून थांबावे. पुढचे वाक्य त्याचे असते.

किंमत आणि अदलाबदल
‘बत्तीस पाने, पाच मिनिटांत संपते, आणि एवढी किंमत?’ हा प्रश्न रास्त आहे. ही पुस्तके सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापली जातात; दोन फॉर्मची बत्तीस पाने होतात, आणि ती सगळी चार रंगांत, जाड कागदावर छापावी लागतात. मराठीत अशा पुस्तकाच्या आवृत्त्या लहान निघतात, त्यामुळे एका प्रतीवर पडणारा छपाईचा खर्च वाढतो. पाच मिनिटांत संपणारे हे पुस्तक वीस वेळा वाचण्यासाठी केलेले असते. ज्यांना आधी चाखून पाहायचे आहे त्यांनी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर जावे. तिथे २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, आणि आम्ही स्वतः ग्राहकांना त्याचा पत्ता देतो. मुलाला कोणत्या प्रकारचे चित्र धरून ठेवते हे तिथे कळले की आमच्याकडे निवड करणे सोपे जाते.

पुस्तक घेतल्यापासून पंधरा दिवसांच्या आत आम्ही ते बदलून देत नाही. त्यानंतर महिनाभर आनंदाने देतो. हा नियम काहींना उलटा वाटतो. पण एका वाचनात नाकारलेले पुस्तक दहाव्या दिवशी मुलाच्या उशाखाली सापडल्याची उदाहरणे आमच्याकडे बरीच आहेत. मधल्या काळात ते मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर नुसते ठेवून द्यावे आणि त्याविषयी एक शब्दही बोलू नये. कडा दुमडलेली किंवा पेन्सिलीने रंगवलेली प्रतही आम्ही नाकारत नाही. बदलायला येताना मुलाला सोबत आणावे, कारण दुसरे पुस्तक त्यानेच निवडायचे असते.

फोनवरून मागणी करताना ‘आत्मविश्वासावरचे पुस्तक’ एवढेच न सांगता मूल सध्या कशात रमते, कोणता प्राणी त्याला आवडतो आणि झोपताना घरात कोण वाचून दाखवते, एवढे सांगावे. मुलाच्या तक्रारी आम्हाला नको आहेत. त्यावरून पुस्तक निवडता येत नाही. परदेशातील नातवंडांसाठी मागवणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही शब्दविरहित चित्रपुस्तके सुचवतो आणि शक्य असल्यास दोन प्रती घ्याव्यात असे म्हणतो. एक प्रत तिकडे आणि एक इकडे असली की व्हिडिओ कॉलवर दोघे एकच पान उघडून बसू शकतात, आणि ज्या नातवाला मराठी वाचता येत नाही तोही आजीच्या मराठीत गोष्ट ऐकतो. अशा जोडीवर दुसऱ्या प्रतीला आम्ही एक चतुर्थांश सवलत देतो.

वाढदिवसाच्या भेटीसाठी पुस्तक घेताना पहिल्या पानावर ‘तुझा आत्मविश्वास वाढावा म्हणून, मावशीकडून’ असे लिहून देण्याची विनंती आम्हाला अनेकदा होते. ती आम्ही नम्रपणे नाकारतो. त्या पानावर आम्ही मुलाचे नाव आणि तारीख एवढेच सुवाच्य अक्षरांत लिहून देतो, आणि नावाखाली आणखी एका नावापुरती ओळ मोकळी ठेवतो.